हरवलेली नाडी आणि रक्ताची साक्ष

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

श्रोतेहो, कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, एस.टी. स्टँडच्या आसपास एखादी पॅथॉलॉजी लॅब असतेच. आत टेबलावर एक स्टँड असतो आणि त्यात उभ्या, अरुंद काचेच्या नळ्या. नळीवर शून्यापासून दोनशेपर्यंत खुणा. त्यात सायट्रेट मिसळलेलं रक्त भरायचं, नळी अगदी सरळ उभी करायची आणि तासभर तिला हातही लावायचा नाही. तासाभराने लाल पेशी खाली सरकलेल्या असतात आणि वर पिवळसर पाण्याचा थर दिसतो. तो थर किती मिलिमीटरचा, एवढंच कागदावर लिहायचं. याला ई.एस.आर. म्हणतात. मोठ्या लॅबमध्ये आता हे काम यंत्रं करतात. पण तत्त्व तेच, रक्त किती लवकर खाली बसतं ते पाहणं.

आमच्या चाकूरकडे हा शब्द सगळ्यांना पाठ आहे. ज्यांना शाळेचं तोंड माहीत नाही, त्या बायाही दवाखान्यातून आल्यावर सांगतात, ‘माझा ई.एस.आर. वाढलाय.’ काय वाढलंय, ते विचारलं तर सांगता येत नाही. खरं म्हणजे डॉक्टरांनाही ते सांगायला शंभर वर्षं लागली आणि अजून पुरतं सांगता आलेलं नाही. आज मी त्या शंभर वर्षांची हकीकत सांगणार आहे. मी डॉक्टर नव्हे. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. पण रक्त, नाडी आणि काळीज ही तर आम्हा कवींची जुनी जहागीर. तिथे विज्ञानाने काय काय शोधून काढलं, याची चौकशी करण्याचा हक्क मला आहे असं मी समजतो.

तर आधी त्या नळीचं. निरोगी रक्तात लाल पेशी एकमेकींपासून अंतर राखून असतात. त्यांच्या अंगावर सारखाच विद्युतभार असतो, म्हणून त्या एकमेकींना दूर ढकलतात. शरीरात कुठे दाह पेटला, की यकृत फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन जास्त तयार करतं. ते पेशींमधला दुरावा मिटवतं. मग पेशी एकीवर एक बसतात, आई दुरडीत भाकरीवर भाकरी रचते तशा. सुटी पेशी हळू उतरते, चळत भरकन उतरते. म्हणून आजाऱ्याचं रक्त लवकर खाली बसतं. नळी आग कुठे लागली ते सांगत नाही. कुठेतरी धूर आहे एवढंच सांगते.

ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली ती एडमंड बिएर्नात्स्की या पोलंडच्या डॉक्टरांनी, १८९७ साली. हे साल आम्हा मराठवाड्याच्या लोकांना दुसऱ्या कारणानेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्याच वर्षी २० ऑगस्टला रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता, म्हणजे तो शोध आपल्याच राजधानीच्या दारात लागला म्हणायचा. रॉस यांना नोबेल मिळालं. बिएर्नात्स्की यांचं नाव पोलंडबाहेर फारसं कुणी घेत नाही. पुढे १९१८ साली रॉबिन फोरेउस या स्वीडनच्या तरुण डॉक्टरांनी तीच गोष्ट पुन्हा हेरली. ते शोधत होते वेगळंच. गरोदर बाईचं रक्त लवकर खाली बसतं असं त्यांना दिसलं आणि यावरून दिवस गेले की नाही ते ओळखता येईल असं वाटलं. मग त्यांनी इतर आजाऱ्यांचं रक्त तपासलं. पुरुषांचंही तितकंच भरभर बसतंय असं दिसल्यावर गरोदरपणाच्या परीक्षेचा विषय संपला आणि आजाराच्या परीक्षेचा सुरू झाला. १९२१ साली त्यांच्याच देशातल्या आल्फ वेस्टरग्रेन यांनी क्षयाच्या रुग्णांवर ही तपासणी पक्की केली. नळी केवढी, सायट्रेट किती, वेळ किती, हे सगळं त्यांनी ठरवलं. आजही लॅबच्या कागदावर ‘वेस्टरग्रेन पद्धत’ असं छापलेलं असतं, ते हेच वेस्टरग्रेन.

क्षयाशी असलेलं हे नातं विसरू नका. पुढे ते आपल्याकडे फार घोटाळा करणार आहे.

रक्ताची नळी येण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आजाराची साक्ष काढली जायची ती मनगटावर. वैद्य नाडी बघायचे, हकीम नब्ज बघायचे. शार्ङ्गधर संहितेत नाडीपरीक्षा आहे, इब्न सिना यांच्या ‘अल-कानून’मध्ये नब्जेवर मोठं प्रकरण आहे. हैदराबादेत चारमिनारच्या शेजारी निजामिया तिब्बी कॉलेज आणि युनानी दवाखाना आहे. मराठवाड्यातून तिथे औषधाला जाणारी माणसं माझ्या लहानपणी मी पाहिली आहेत. हकीमसाहेब तीन बोटं मनगटावर ठेवून डोळे मिटतात आणि पोटातलं ओळखतात, असं सांगताना त्यांचे डोळे चमकायचे. त्यातलं खरं किती, भाबडेपणा किती, त्या वादात मी पडत नाही. पण एक गोष्ट मला नेहमी विचारावीशी वाटली आहे: ज्याच्या मनगटावर नाडीच लागत नाही, आणि तरी जो चालत-बोलत समोर बसलेला आहे, त्याचं हकीमसाहेब काय करत असतील?

असे रुग्ण असतात. त्यांची नोंद जपानमध्ये १९०८ साली झाली आणि केली कुणी, तर डोळ्यांच्या डॉक्टरांनी. मिकितो ताकायासू हे कानाझावा इथे नेत्रविज्ञान शिकवत. विशीतल्या एका स्त्रीच्या डोळ्याच्या पडद्यावर त्यांना रक्तवाहिन्यांचं विचित्र कडं दिसलं, एकीचा हात दुसरीने धरून फेर धरावा तसं. त्यांनी ते नेत्रतज्ज्ञांच्या सभेत मांडलं. ऐकणाऱ्यांपैकी दोघांनी सांगितलं, की आमच्याकडेही असे रुग्ण आहेत, आणि त्यांच्या मनगटाला नाडी लागत नाही. मानेतल्या धमन्या अरुंद झाल्या, डोळ्याला रक्त कमी पडू लागलं, म्हणून त्या बारीक वाहिन्यांनी आपसांत वाटा काढल्या होत्या. १९५१ साली जपानी डॉक्टरांनी या रोगाला इंग्रजीत नावच दिलं, ‘पल्सलेस डिसीज’, म्हणजे नाडीविना रोग. आज त्याला ताकायासू आर्टरायटिस म्हणतात.

होतं काय, ते साध्या शब्दांत सांगतो. शरीरात रोगजंतूंशी लढणारी एक फौज असते. काही माणसांत ती फौज आपल्याच घरावर उलटते. गावाने राखणदार ठेवावा आणि त्याने रात्री घरच्याच माणसांवर काठी उगारावी, तसा प्रकार. ही काठी सांध्यांवर पडली तर आमवात. रक्तवाहिनीच्या भिंतीवर पडली तर तिचा दाह. ताकायासू रोगात ती पडते महाधमनीवर आणि तिच्या मोठ्या फाट्यांवर. भिंत सुजते, जाड होते, आतली वाट अरुंद होते, कधी पार बुजते. रोग होतो तो जास्त करून बायकांना, तोही बहुधा चाळिशीच्या आत, म्हणजे शिक्षणाच्या, लग्नाच्या, बाळंतपणाच्या वयात. आमच्या वेळच्या शास्त्राच्या पुस्तकात धमनीला ‘रोहिणी’ म्हटलेलं असायचं. नक्षत्राचं नाव, आणि दुखणं असं. शब्द मोठे क्रूर असतात कधीकधी.

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट. मुंबईच्या परळ भागात के.ई.एम. हॉस्पिटल आणि त्याला जोडून गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय. १९२६ साली दोन्ही सुरू झाली. गिरणगावातला कामगार असो की आमच्याकडून लातूर रोड जंक्शनला गाडीत बसून गेलेला शेतकरी, मोठ्या आजाराला शेवटचा आधार तोच. तिथे प्रफुल्लकुमार सेन नावाचे शल्यविशारद होते. लोकांना त्यांचं नाव आठवतं ते हृदयारोपणासाठी. डॉ. बर्नार्ड यांनी दक्षिण आफ्रिकेत डिसेंबर १९६७ मध्ये पहिलं हृदय बदललं आणि अडीच महिन्यांत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेन यांनी परळला भारतातलं पहिलं हृदयारोपण केलं. रुग्ण काही तासच जगला. त्या एका दिवसाच्या बातमीखाली सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं एक दुसरं, सावकाशीचं काम झाकलं गेलं, असं मला वाटतं.

के.ई.एम.मध्ये तरुण मुलं-मुली यायची ती रक्तदाब भयंकर वाढलेल्या अवस्थेत. पंचविशीच्या आत एवढा रक्तदाब का? तपासलं तर छातीच्या खालच्या भागातली किंवा पोटातली महाधमनी अरुंद झालेली, मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या फाट्यांची तोंडं चिमटलेली. मूत्रपिंडाला रक्त कमी पोचलं की त्याला वाटतं सगळ्या शरीरातच दाब कमी पडलाय. मग ते असे रस सोडतं की दाब वाढतच जातो. सेन, विकृतिशास्त्रज्ञ एस. जी. किनरे, शल्यविशारद जी. बी. परुळकर आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये याची मांडणी केली. जपानी रुग्णांत गळ्याच्या आणि हातांच्या धमन्यांवर घाला जास्त, आपल्याकडे पोटातल्या महाधमनीवर आणि मूत्रपिंडाच्या धमन्यांवर जास्त, हा फरक पुढे भारतीय डॉक्टरांना पुन्हापुन्हा दिसत गेला. १९७३ साली १०१ रुग्णांचा अभ्यास करून सेन, किनरे, केळकर आणि परुळकर यांनी एक संपूर्ण ग्रंथच काढला. त्यांनी रोगाला नाव दिलं ‘नॉनस्पेसिफिक एओर्टोआर्टरायटिस’. नाव ओबडधोबड आहे, पण प्रामाणिक आहे. महाधमनी आणि तिच्या फाट्यांचा दाह, कारण निश्चित नाही, एवढंच ते सांगतं.

कारणाचा माग त्यांनी काढलाच नाही असं नाही. विकृतिशास्त्राच्या टेबलावर किनरे यांना एक गोष्ट सारखी खटकत होती. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांच्या शरीरात क्षयाच्या खुणा सापडत. १९७० साली त्यांनी भारतात लहान वयात होणारा महाधमनीदाह आणि त्याचं क्षयाशी नातं, या विषयावर शोधनिबंध लिहिला. क्षयाचा जंतू फौजेला भलत्या दिशेने भडकवतो की काय? वाद तेव्हापासून चालू आहे, आजही मिटलेला नाही. क्षय आपल्याकडे घरोघर. दोन गोष्टी एकाच माणसात सापडल्या म्हणजे एकीने दुसरी झाली, असं म्हणता येत नाही. मेलेल्या माणसाच्या धमनीचा तुकडा काचेखाली धरून जिवंतांसाठी वाट शोधायची, हे काम किती निमूटपणे करावं लागत असेल! अशा कामाला हार-तुरे नसतात.

आणि इथेच ती दोनशे खुणांची नळी अडचणीत येते. धमनीदाह असला की ई.एस.आर. वाढतो. क्षयातही वाढतो, वेस्टरग्रेन यांनी तो क्षयासाठीच तर पक्का केला. अंगात रक्त कमी असलं तरी वाढतो, कारण पातळ रक्तात पेशींना खाली उतरायला वाट मोकळी मिळते. गरोदरपणात वाढतो, हे फोरेउस यांनी पाहिलेलंच आहे. आता आमच्याकडची एखादी विशीतली बाई डोळ्यांपुढे आणा. शेतात खुरपायला जाणारी, सगळ्यांनी जेवून उरलेलं खाणारी, हातापायांना फिकटपणा आलेली. तिचा ई.एस.आर. ७० आला तर डॉक्टर काय समजणार? लोहाच्या गोळ्या देणार, फार तर छातीचा एक्स-रे काढणार. त्यांची चूक म्हणता येत नाही. शंभर बायांमध्ये नव्याण्णवदा ते बरोबरच ठरणार.

शंभरावी माझ्या नात्यातली होती. नाव सांगत नाही. डी.एड. करत होती, मला मामू म्हणते. कपडे पिळताना, कणीक मळताना तिचा डावा हात भरून यायचा, सोडून द्यावासा वाटायचा. एका दवाखान्यात रक्तदाब बघायला डाव्या दंडाला पट्टा बांधला तर यंत्र आकडाच दाखवेना. नर्सबाईंनी यंत्र बदललं, तरी तेच. मग उजव्या हाताचा घेतला, तो ठीक निघाला, तोच लिहिला. ई.एस.आर. वाढलेला. सहा महिने लोहाच्या गोळ्या, मग क्षयाची शंका. शेवटी एका मोठ्या शहरातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी काहीच न लिहिता आधी तिची दोन्ही मनगटं धरली, मग मानेला स्टेथोस्कोप लावला. अरुंद वाटेतून रक्त जाताना घोंघावतं, तो आवाज त्यांना आला. संध्याकाळी पोरीचा मला फोन, ‘मामू, मेरे बाएं हाथ को नब्जच नै बोलते!’ ती हसत होती. आपल्याला काय झालंय, ते तिला अजून कळलेलं नव्हतं.

मंडळी, त्या डॉक्टरांनी केलं ते कुणालाही करता येतं. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने ताकायासू रोगाचे जे निकष ठरवले, त्यात दोन्ही हातांच्या रक्तदाबात १० मिलिमीटरहून जास्त फरक हा एक होता. २०२२ च्या नव्या निकषांत तो २० धरला आहे. दोन्ही दंडांना पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात. मला वाटतं, या बाबतीत हकीमसाहेबांची तीन बोटं आजही कामाची आहेत.

रोग ओळखला गेला म्हणजे संपलं नाही, तिथून खरी परीक्षा सुरू होते. औषध म्हणजे पहिल्यांदा स्टिरॉइड, मग फौजेला शांत ठेवणाऱ्या दुसऱ्या गोळ्या. स्टिरॉइड जास्त दिवस दिलं तर चेहरा गोल होतो, हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. कमी दिलं तर भिंत पुन्हा पेटते. गोळी किती द्यायची आणि कधी उतरवायची, हे ठरवायला डॉक्टरला रोज धमनीच्या आत डोकावता येत नाही. त्याला हवी असते रक्ताची साक्ष. या साक्षीसाठी दुसरा साक्षीदार मिळाला तो १९३० साली.

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे न्यूमोनियावर काम करत होते. न्यूमोनियाच्या जंतूच्या अंगातून त्यांनी एक साखरेसारखा पदार्थ वेगळा काढला होता, त्याला ‘सी’ म्हणत. आजाऱ्याच्या रक्तातलं पाणी त्यात मिसळलं की साका खाली बसायचा. रुग्ण बरा झाला की त्याचं रक्त साका देईनासं व्हायचं. निरोगी माणसाचं तर देतच नसे. म्हणून त्या रक्तातल्या प्रथिनाचं नाव पडलं सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, सी.आर.पी. आधी वाटलं, हे न्यूमोनियाचंच असेल. हळूहळू कळलं, की कुठल्याही दाहात यकृत ते बनवतं. याचा गुण असा की ते चपळ आहे. दाह पेटल्यावर काही तासांत वाढतं, दोन दिवसांत टोकाला जातं, आणि दाह विझला की सुमारे १९ तासांत निम्म्यावर येतं. ई.एस.आर. म्हणजे गावातला म्हातारा, बातमी उशिरा ऐकणारा आणि आठवडेच्या आठवडे तेच सांगत राहणारा. सी.आर.पी. म्हणजे सायकलवरचं पोरगं. शिवाय रक्त कमी असल्याने किंवा पेशींच्या आकाराने त्याचा आकडा ई.एस.आर.सारखा बिघडत नाही.

आमच्या पोरीचे दोन्ही आकडे औषधाने उतरले. ई.एस.आर. ७० वरून १८ वर आला. तिच्या अम्मीने शेजारीपाजारी साखर वाटली. डॉक्टर मात्र गप्प होते. म्हणाले, ‘कागद चांगला आहे, पण मला फोटो पाहिजे.’ आम्हाला वाटलं, हा उगाच खर्च. नंतर कळलं, की त्या गप्प राहण्यामागे १९९४ सालचा एक अहवाल होता.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत ताकायासू रोगाच्या ६० रुग्णांचा बरीच वर्षं पाठपुरावा केला गेला होता. त्यात दिसलं ते असं. रोग चेतलेला असतानाही चौथ्या हिश्श्याहून जास्त रुग्णांचा ई.एस.आर. सामान्य होता, आणि रोग शांत असताना ४४ टक्क्यांचा वाढलेला. त्याहून धक्कादायक दुसरी गोष्ट. ज्यांचा रोग शांत झाला असं सगळ्या लक्षणांवरून वाटत होतं, त्यांच्यापैकी काहींची बायपास शस्त्रक्रिया झाली. तेव्हा काढलेले धमनीचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर ४४ टक्के तुकड्यांत दाह चालूच होता. म्हणजे ताप नाही, दुखणं नाही, कागद स्वच्छ, आणि भिंतीत आग धुमसतेय. चुलीत राख दिसते, हात घातला की चटका बसतो, तसं. कारण उघड आहे. रक्ताची परीक्षा यकृताला विचारते, ‘काय बातमी?’ आणि आग लागलेली असते धमनीच्या भिंतीत, बोटभर जागेत. यकृतापर्यंत प्रत्येक वेळी बोंब पोचतेच असं नाही.

मग धमनीचीच स्वतःची खूण रक्तात सापडेल का? हा शोध गेली चाळीस वर्षं चालू आहे. बारीक रक्तवाहिन्यांच्या दाहात तो एकदा मोठा यशस्वी झाला. १९८२ साली ऑस्ट्रेलियात मूत्रपिंडाच्या दाहाच्या काही रुग्णांच्या रक्तात असे प्रतिपिंड दिसले, जे आपल्याच पांढऱ्या पेशींना जाऊन चिकटतात. तेव्हा डासांमुळे पसरणाऱ्या एखाद्या विषाणूचा संशय आला होता. १९८५ साली नेदरलँड्सचे फॉन डर वाउडे आणि डेन्मार्कमधले त्यांचे सहकारी यांनी दाखवून दिलं, की हे प्रतिपिंड नाक, फुप्फुस आणि मूत्रपिंडांना ग्रासणाऱ्या एका विशिष्ट वाहिनीदाहाची खूण आहेत. त्या तपासणीला आन्का म्हणतात, पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये ती होते. त्या रोगाला एका जर्मन डॉक्टरचं नाव होतं, वेगेनर. त्याचे नाझींशी असलेले संबंध उघड झाल्यावर २०११ साली डॉक्टरांच्या संस्थांनी ते नाव बदलून टाकलं. रोगाचं नावही कुणाच्या पापाचा हिशेब ठेवतं, हे मला बरं वाटलं. पण आन्काचीही मर्यादा आहे. रोग ओळखायला ती उत्तम. मात्र आकडा वाढला म्हणून रोग उलटलाच, असं तिच्यावरूनही ठामपणे सांगता येत नाही. ताकायासूच्या रुग्णाला तर तिचा काही उपयोग नाही.

ताकायासूसाठी २०११ साली मिलानच्या डॉक्टरांनी पेंट्रॅक्सिन-३ नावाचं प्रथिन पुढे आणलं. ते सी.आर.पी.चंच चुलत भावंड, पण यकृतात नव्हे, थेट दाहाच्या जागी, धमनीच्या भिंतीतल्या पेशींतून निघणारं. वाटलं, मिळाला साक्षीदार. पुढच्या अभ्यासांतून काहींनी होकार दिला, काहींनी नकार. जपानी डॉक्टरांनी भिंत पोखरणारी द्रव्यं रक्तात मोजून पाहिली आहेत. पांढऱ्या पेशींतल्या कॅल्प्रोटेक्टिनवरही काम झालं आहे. जिच्या एकटीच्या साक्षीवर निकाल द्यावा अशी खूण अजून कुणाच्या हाती लागलेली नाही.

या गोंधळात भारतीय डॉक्टरांनी काढलेली वाट मला फार आवडते. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, लखनौची संजय गांधी संस्था आणि इतर ठिकाणच्या संधिवाततज्ज्ञांनी मिळून एक गुणपत्रिका तयार केली, ‘इंडियन ताकायासू क्लिनिकल अ‍ॅक्टिव्हिटी स्कोअर’. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली आणि परदेशातही वापरली गेली. त्यात ४४ प्रश्न, आणि बहुतेक सगळे हृदय आणि धमन्यांचे. कुठली नाडी नव्याने हरवली, मानेत-पोटात घोंघाट ऐकू येतो का, दोन हातांच्या रक्तदाबात नवा फरक पडला का, हात-पाय वापरताना दुखतात का. गेल्या खेपेपेक्षा आज काय नवीन, तेवढंच मोजायचं. ई.एस.आर. आणि सी.आर.पी. त्यात हवे तर वेगळे मिळवायचे. रक्ताचा कागद बाजूला ठेवून डॉक्टरने पुन्हा रुग्णाच्या अंगाला हात लावायचा. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही हे जमण्यासारखं आहे. एम.आर.आय. किंवा पेट स्कॅनसाठी मात्र मोठं शहर गाठावंच लागतं.

आणखी एक गंमत सांगतो, गंमत म्हणावी की नाही कोण जाणे. यकृताला सी.आर.पी. बनवायला जो निरोप जातो, त्याचं नाव इंटरल्यूकिन-६. जपानमध्ये ओसाकाला किशिमोतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर मोठं काम केलं आणि त्यातूनच तो निरोप अडवणारं औषध निघालं, टोसिलिझुमॅब. जपानने २०१७ साली ताकायासू रोगासाठी त्याला मान्यता दिली. रोग जिथे पहिल्यांदा नोंदला गेला, तिथेच त्याचं हे औषधही निघालं. पण त्याने झालं असं, की यकृताकडे जाणारा निरोपच बंद, म्हणून सी.आर.पी. जवळजवळ शून्य. आग विझली म्हणून शून्य की तार कापली म्हणून शून्य, हे कागदावरून कळायला मार्ग उरला नाही. एवढंच नव्हे, त्या रुग्णाला न्यूमोनिया झाला तरी सी.आर.पी. वाढेल असा भरवसा नाही. हे इंजेक्शन घेणाऱ्याने गावातल्या डॉक्टरला ते आधी सांगितलं पाहिजे, नाही तर चांगला कागद बघून ते रुग्णाला घरी पाठवतील.

आमच्या पोरीला ते औषध लागलं नाही. साध्या गोळ्यांवर भागलं. फोटोत डाव्या हाताची धमनी बुजलेली निघाली, बाकीची वाट मोकळी होती आणि मूत्रपिंडाच्या धमन्या वाचलेल्या होत्या. तिचं लग्न झालं. मूल हवं म्हणाली तेव्हा डॉक्टरांनी आधी मेथोट्रेक्सेट बंद केलं, दुसरी गोळी दिली, काही महिने थांबायला सांगितलं. दिवस गेल्यावर ई.एस.आर. वाढला, तो वाढणारच होता. त्या नऊ महिन्यांत डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. दर खेपेला रक्तदाब, नाड्या आणि लघवी तपासली. मुलगी झाली, आता बालवाडीत जाते. तिच्या आईची जाडजूड फाइल पत्र्याच्या पेटीत असते, सगळे रिपोर्ट तारीखवार लावलेले. पहिल्या पानावर डॉक्टरांनी लाल शाईने लिहून ठेवलंय, ‘डाव्या हाताचा रक्तदाब धरू नये. उजव्या हाताचा घ्यावा.’